बायोचार : काडीकचऱ्याचा कोळसा प्लास्टिकला बळ कसं देतो?



दहावीच्या विज्ञानात 'कार्बनी संयुगे' शिकवताना आपण बहुवारिकं शिकवतो. पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी, टेफ्लॉन… एकवारिक कोणतं, बहुवारिक कोणतं, उपयोग काय, हा तक्ता मुलं पाठ करतात आणि आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण मुलांच्या रोजच्या वापरातल्या अनेक वस्तू निव्वळ बहुवारिकाच्या नसतात. प्लास्टिकच्या खुर्चीत बऱ्याचदा चुनखडीची भुकटी असते. मोटारीच्या प्लास्टिकच्या भागांत शंखजिरं, म्हणजे टाल्कची भुकटी असते. टायरमध्ये तर वजनाचा सुमारे पाव भाग काजळी आणि सिलिका मिळून असतो.

हे सांगितलं की वर्गातून प्रश्न येणारच : "सर, म्हणजे ही भेसळच झाली ना?"

प्रश्न छान आहे. तो टाळू नका. आजचा संपूर्ण पाठ या एका प्रश्नाचं उत्तर म्हणून घेता येतो. त्यासाठी आपण एक नवा भराव पदार्थ पाहूया : बायोचार. शेतातल्या काडीकचऱ्याचा कोळसा प्लास्टिकमध्ये मिसळला तर वस्तू मजबूत होते का? आणि तिला 'पर्यावरणपूरक' म्हणणं कितपत बरोबर?

१. भेसळ आणि भर यांत फरक काय?

दुधात पाणी घातलं की दुधाचा एकही गुण वाढत नाही, फक्त माप वाढतं. ती भेसळ. पण मातीच्या भिंतीसाठी गारा तुडवताना त्यात भुसा घालतात, तेव्हा भिंतीला वाळताना कमी भेगा पडतात. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीत काथ्या घालतात, तो तडा पसरू देत नाही. सिमेंटमध्ये वाळू आणि खडी घातली की काँक्रीट होतं. इथं घातलेला पदार्थ काहीतरी काम करतो. असे दोन वेगवेगळे पदार्थ एकत्र येऊन, एकमेकांत विरघळून न जाता, मिळून भार पेलतात, तेव्हा त्या द्रव्याला कंपोझिट म्हणतात.

एक सूचना : पाठ्यपुस्तकात 'संमिश्र' हा शब्द धातूंच्या मिश्रणासाठी, म्हणजे पितळ, कांसे यांसाठी येतो. मुलांचा गोंधळ नको म्हणून या पाठात आपण 'कंपोझिट' हाच शब्द ठेवूया.

कंपोझिटमध्ये जो पदार्थ सगळ्यांना धरून ठेवतो त्याला आधारद्रव्य म्हणूया. आपल्या उदाहरणात ते प्लास्टिक. त्यात जी भुकटी किंवा तंतू घालतात तो भराव पदार्थ, म्हणजे फिलर. फिलर घालण्यामागे कधी फक्त खर्च कमी करण्याचा हेतू असतो, तर कधी वस्तू ताठ, उष्णता सोसणारी किंवा झिजेला टिकणारी व्हावी हा हेतू असतो. म्हणून भर की भेसळ, हे नावावरून ठरत नाही. घातलेला पदार्थ कोणतं काम करतो, यावरून ठरतं.

२. बायोचार म्हणजे नेमकं काय?

लाकूड मोकळ्या हवेत पूर्ण जळलं की राख उरते. राखेत मुख्यतः खनिजं असतात, कार्बन जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून गेलेला असतो. पण हवा कोंडून, अगदी कमी ऑक्सिजनमध्ये तेच लाकूड तापवलं तर ते पेट घेत नाही. त्यातलं पाणी, वायू आणि डांबरासारखे पदार्थ निघून जातात आणि मागे काळा, हलका, कार्बनने भरलेला कोळसा उरतो. या क्रियेला औष्णिक अपघटन म्हणतात. आपला लोणारी कोळसा असाच तयार होतो.

बायोचारही याच कुळातला. फरक कच्च्या मालाचा आणि हेतूचा. लाकडाबरोबरच धसकटं, भुसा, टरफलं, उसाचं पाचट असं कोणतंही जैविक द्रव्य साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला, ताब्यात ठेवलेल्या उष्णतेत तापवतात. सरपण म्हणून जाळण्याऐवजी हा कोळसा मातीत मिसळण्यासाठी, पाणी गाळण्यासाठी किंवा दुसऱ्या द्रव्यात घालण्यासाठी वापरतात. ५०० अंशांच्या आसपास कोरड्या मालाच्या साधारण पाव ते एकतृतीयांश वजनाचा बायोचार हाती येतो.

मुलांना एक गोष्ट आवर्जून दाखवा. कोळशाचा तुकडा भिंगाखाली धरला की त्यात बारीक बारीक नळ्या आणि छिद्रं दिसतात. झाड जिवंत असताना ज्या वाटांनी पाणी वर चढत होतं, त्यांचाच हा सांगाडा. ही छिद्रं पुढे आपल्या कामाला येणार आहेत.

३. भुकटीनं बळ कसं येतं?

इथं आधी तीन शब्द वेगळे करून घ्या. रोजच्या बोलण्यात आपण सगळ्यालाच 'मजबूत' म्हणतो, पण विज्ञानात ते चालत नाही.

• ताठपणा – भार दिल्यावर वस्तू किती कमी वाकते. फुटपट्टी ताठ, रबर मऊ.
• ताकद – तुटेपर्यंत वस्तू किती भार सोसते.
• चिवटपणा – धक्का बसल्यावर वस्तू तो पचवते की तडकते. खडू ताठ असतो, पण चिवट नसतो. पोत्याचा सुतळी-धागा ताठ नसतो, पण चिवट असतो.

आता प्लास्टिकचं पाहू. पॉलिप्रॉपिलीनच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. ओढलं की त्या सरकतात, म्हणून प्लास्टिक वाकतं. कोळशाचा कण त्या मानानं कितीतरी कडक असतो. तो मध्ये येऊन बसला की आजूबाजूच्या साखळ्यांच्या हालचालीला अडथळा होतो आणि भाराचा काही वाटा कणावर जातो. त्यामुळे ताठपणा वाढतो. हा सगळ्यांत भरवशाचा फायदा.

ताकदीचं मात्र तसं नाही. कणानं भार उचलायचा तर प्लास्टिकनं त्याला घट्ट धरलं पाहिजे. गुळगुळीत भिंतीवर गिलावा टिकत नाही, म्हणून गवंडी आधी छिन्नीनं खाचा पाडतो. बायोचारच्या छिद्रांमुळे या खाचा आयत्याच मिळतात. वितळलेलं प्लास्टिक दाबाखाली त्या छिद्रांत शिरतं आणि थंड झाल्यावर तिथंच अडकून बसतं. पकड आणखी घट्ट व्हावी म्हणून काही वेळा जोडद्रव्यही घालतात. त्याचं एक टोक कोळशाशी जुळतं, दुसरं प्लास्टिकशी. पकड चांगली असेल तर ताकद टिकते किंवा वाढते. पकड सैल असेल तर प्रत्येक कण हा आतला एक खड्डाच ठरतो आणि ताकद घटते.

चिवटपणा तर बहुतेक वेळा कमीच होतो. भुकटी जितकी जास्त, तितकी तुटण्याआधी ताणली जाण्याची क्षमता कमी. शिवाय भुकटीच्या गुठळ्या राहिल्या तर तडा तिथूनच सुरू होतो. पिठलं करताना पीठ नीट न कालवता टाकलं की गुठळ्या होतात, तसंच.

थोडक्यात, कण बारीक हवेत, सारखे पसरलेले हवेत, पकड घट्ट हवी आणि प्रमाण बेताचं हवं. या चार अटी पाळल्या तरच भर 'भर' ठरते.

टायरमधली काजळी आणि बायोचार : काजळी हाही कार्बनच. ती खनिज तेलापासून येणारी जड तेलं अर्धवट जाळून तयार करतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबरात काजळी घातल्यानं टायर कितीतरी जास्त टिकतात हे लक्षात आलं आणि पांढुरके टायर काळे झाले. काजळीचे मूळ कण काही दशक नॅनोमीटर इतके सूक्ष्म असतात, तर दळलेल्या बायोचारचे कण साधारणपणे मायक्रोमीटरमध्ये मोजावे लागतात, म्हणजे कितीतरी मोठे. म्हणून टायरमधली सगळी काजळी काढून तिथं बायोचार घालता येत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या इलिनॉय राज्यातील पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत यावर काम झालं, तेही काजळीचा काही भाग बायोचारनं बदलण्यावर. 'काही भाग' हे शब्द मुलांना अधोरेखित करायला सांगा.

४. फळ्यावरचं गणित

गणिताच्या शिक्षकांना सोबत घेऊन हा भाग जरूर करावा.

*गणित १ : ताठपणा.* द्रवात थोडे गोल, कडक कण मिसळले तर त्याचा दाटपणा किती वाढतो, याचं सूत्र आल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९०६ मध्ये मांडलं आणि १९११ मध्ये दुरुस्त केलं. पुढे १९४४ मध्ये स्मॉलवूड यांनी तोच विचार भुकटी घातलेल्या रबराच्या ताठपणाला लावला. सूत्र सोपं आहे :

नवा ताठपणा = मूळ ताठपणा × (१ + २.५ × भुकटीचा आकारमानातला भाग)

भुकटी आकारमानानं १० टक्के असेल तर १ + २.५ × ०.१ = १.२५. म्हणजे ताठपणा २५ टक्क्यांनी वाढायला हवा. हे सूत्र कण गोल, थोडे आणि घट्ट धरलेले असतील तेव्हाचं. खऱ्या वस्तूत आकडा बदलतो, पण दिशा कळते.

*गणित २ : वजन.* पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ०.९ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. टाल्कची सुमारे २.८. बायोचारच्या घट्ट भागाची घनता तो कशापासून आणि किती तापमानाला केला त्यावर अवलंबून असते. आपण १.५ धरू. आता ६० ग्रॅम प्लास्टिकमध्ये ४० ग्रॅम भुकटी घातली, तर :

• टाल्क घालून : ६० ÷ ०.९ = ६६.७ आणि ४० ÷ २.८ = १४.३. एकूण ८१ घनसेंटिमीटर. घनता सुमारे १.२३.
• बायोचार घालून : ६६.७ आणि ४० ÷ १.५ = २६.७. एकूण ९३.४ घनसेंटिमीटर. घनता सुमारे १.०७.

तोच साचा, तीच वस्तू, पण बायोचारची वस्तू जवळजवळ १३ टक्के हलकी. मोटारीच्या कारखान्याला बायोचारमध्ये रस का, याचं एक कारण इथं सापडतं. गाडी हलकी झाली की इंधन कमी लागतं. छिद्रांत प्लास्टिक शिरलं नाही आणि हवा राहिली तर घनता आणखी कमी भरेल, हेही मुलांकडून काढून घ्या.

५. कॉफीच्या सालापासून हेडलाइटपर्यंत

हे सगळं प्रयोगशाळेबाहेर घडतं का? घडतं. कॉफीच्या बिया भाजताना त्यांचं पातळ वाळकं साल सुटतं. भाजणाऱ्या कारखान्यांत त्याचे ढीग साचतात. अमेरिकेत फोर्ड आणि मॅकडोनाल्ड्स या कंपन्यांनी डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं की हे साल कमी ऑक्सिजनमध्ये खूप तापवून, प्लास्टिक आणि इतर पदार्थांबरोबर मिसळून त्याचे दाणे केले जातात आणि त्या दाण्यांपासून हेडलाइटचं आवरण घडवलं जातं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या गुएल्फ विद्यापीठात अमर मोहंती आणि मंजुश्री मिश्रा या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी केलेलं संशोधन या द्रव्यामागे आहे. कॉम्पिटिटिव्ह ग्रीन टेक्नॉलॉजीज ही कंपनी ते तयार करते.

फोर्डनं त्या वेळी सांगितलेले आकडे असे : भाग सुमारे २० टक्के हलका, आणि साच्यातून घडवताना २५ टक्क्यांपर्यंत कमी ऊर्जा. आपल्या गणितातली दिशा आणि कारखान्याच्या आकड्याची दिशा जुळते, हे मुलांना दाखवण्यासारखं आहे.

हेडलाइटच का निवडला असेल? कारण तिथं उष्णता असते. साल किंवा लाकडाचा भुसा कच्चाच प्लास्टिकमध्ये घातला तर साधारण २०० अंशांच्या पुढे तो करपू लागतो. नायलॉनसारखं प्लास्टिक तर २२० अंश किंवा त्याहून जास्त तापमानालाच वितळतं. बायोचार मात्र आधीच त्याहून कितीतरी जास्त तापमानातून गेलेला असतो. जे करपायचं ते करपून झालेलं आहे, म्हणून तो साच्यातल्या उष्णतेला डगमगत नाही.

६. 'पर्यावरणपूरक' म्हणण्याआधी चार प्रश्न

इथं पाठाचा खरा कस लागतो. हिरव्या पानाचं चित्र छापलेली प्रत्येक वस्तू मुलांना चांगली वाटते. दावा तपासायची सवय आपण लावली नाही तर दुसरं कोण लावणार? पुढचे चार प्रश्न वहीत लिहून घ्यायला सांगा.

*पहिला : कच्चा माल नाहीतर कुठे गेला असता?* तो शेतात जळणारच होता, तर कोळसा करण्यात फायदा आहे. पण तो जमिनीत कुजून सेंद्रिय कर्ब वाढवणार होता किंवा जनावरांच्या दावणीत जाणार होता, तर तो उचलून कारखान्याला देणं हा शेताचा तोटा आहे.

*दुसरा : कार्बन किती काळ अडकून राहील?* १ किलो बायोचारमध्ये ७५ टक्के कार्बन धरला, तर ०.७५ × ४४ ÷ १२ = २.७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन त्यात बंद आहे. झाडानं तो हवेतूनच घेतला होता. पण ती वस्तू शेवटी भट्टीत जाळली तर तो परत हवेतच जाणार. भट्टीला लागलेली ऊर्जा, दळण आणि वाहतूक यांचा हिशेबही यातून वजा करावा लागतो.

*तिसरा : त्यामुळे प्लास्टिक कमी झालं का?* ४० टक्के बायोचार म्हणजे उरलेलं ६० टक्के प्लास्टिकच. त्यात कोळसा घातल्यानं ते कुजणारं होत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. शिवाय बायोचारनं टाल्कची जागा घेतली असेल, तर प्लास्टिक कमी झालेलंच नाही, बदल झाला तो खनिजाच्या जागी.

*चौथा : वस्तू मोडल्यावर काय?* एकाच प्रकारचं, स्वच्छ प्लास्टिक पुन्हा वितळवणं सोपं. काळी भुकटी घातलेलं प्लास्टिक इतरांत मिसळलं की वेगळं काढणं अवघड. म्हणून एकदा वापरून फेकायच्या चमच्यापेक्षा वर्षानुवर्षं टिकणाऱ्या वस्तूत बायोचार घालणं जास्त शहाणपणाचं.

७. आपल्या शिवारातला कच्चा माल

कॉफीचं साल आपल्याकडे नाही, पण विदर्भ-मराठवाड्यात कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या आहेत, पश्चिम महाराष्ट्रात उसाचं पाचट आहे, कोकणात भाताचं तूस आणि नारळाच्या करवंट्या आहेत. पऱ्हाट्या शेतात जळताना दिसल्या की शहरी मुलं चटकन शेतकऱ्याला दोष देतात. तेव्हा हेही सांगा की गुलाबी बोंडअळीचं जीवनचक्र तोडायला हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या शेतातून काढाव्याच लागतात. मजुरी महाग, पुढचं पीक तोंडावर, मग काडी लावली जाते. त्या पऱ्हाटीला कोणी भाव दिला, तर ती जळणार नाही.

याची एक जुनी वाट महाराष्ट्रात आहेच. पुण्याच्या 'आरती' या संस्थेनं, म्हणजे समुचित ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेनं, पाचटापासून कोळसा करायची भट्टी आणि त्याचा कांडी कोळसा विकसित केला. या कामाला २००२ मध्ये ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चुलीसाठी होता. पण काडीकचरा गावातच कोळशात बदलता येतो, हे त्यातून सिद्ध झालं.

सगळा कोळसा सारखा नसतो, हेही विसरू नये. भाताच्या तुसात सिलिका भरपूर असते, त्यामुळे त्याच्या कोळशात खनिजांचा वाटा मोठा राहतो. करवंटीचा कोळसा टणक आणि कार्बननं भरलेला. कारखान्याला दर खेपेला सारखाच माल लागतो. गावोगावचा काडीकचरा सारखा करून देणं, हे या धंद्यातलं खरं अवघड काम आहे.

८. वर्गातली कृती : डिंकाची पट्टी

साहित्य : फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक (हाही एक बहुवारिकच बरं का!), लोणारी कोळशाची बारीक भुकटी, प्लास्टिकचा जाड कागद, पट्टी, एकसारखी नाणी.

१. तीन वाट्यांत प्रत्येकी दहा चमचे डिंक घ्या. पहिल्या वाटीत काहीच घालू नका. दुसऱ्या वाटीत एक चमचा आणि तिसऱ्या वाटीत पाच चमचे भुकटी घालून गुठळ्या मोडेपर्यंत कालवा.
२. प्लास्टिकच्या कागदावर सारख्या लांबी-रुंदी-जाडीच्या पट्ट्या ओता. पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस किंवा पावसाळ्यात त्याहून जास्त, राहू द्या.
३. पट्टीचं एक टोक टेबलाच्या कडेला दाबून धरा. दुसऱ्या टोकावर एकेक नाणं ठेवा आणि टोक किती खाली झुकलं ते मोजून तक्त्यात लिहा. हा ताठपणा.
४. शेवटी तिन्ही पट्ट्या हातानं वाकवून पाहा. कोणती दुमडते, कोणती तडकते? हा चिवटपणा.

प्रत्येक प्रकारच्या निदान तीन पट्ट्या करा आणि सरासरी घ्या. एका पट्टीवरून निष्कर्ष काढायचा नाही.

काळजी : कोळसा शाळेत किंवा घरी तयार करायला लावू नका. कोंडलेल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तयार कोळसा आणा. तो शिक्षकांनी किंचित ओला करून कुटावा, म्हणजे धूळ उडणार नाही. तोंडाला रुमाल आणि जवळपास विस्तव नाही, हे दोन्ही पाहा.

९. चर्चेसाठी प्रश्न

१. तिसरी पट्टी ताठ असूनही वाकवताच तडकली, तर तिला 'मजबूत' म्हणायचं का?
२. हेल्मेटच्या कवचात भरपूर भुकटी घालणं योग्य ठरेल का? कारण सांगा.
३. बादलीवर '१०० टक्के पर्यावरणपूरक, बायोचारयुक्त' असं लिहिलंय. दुकानदाराला तुम्ही कोणते प्रश्न विचाराल?
४. तुमच्या गावात कोणता काडीकचरा जाळला जातो? तो न जाळता त्याचे आणखी कोणते उपयोग होतात? घरच्या मोठ्यांना विचारून लिहा.

पालकांना एक विनंती. चौथा प्रश्न मुलं तुम्हाला विचारतील, तेव्हा उत्तर सांगण्याबरोबर त्यांना शेतावर किंवा भाजी मंडईच्या मागच्या ढिगाऱ्याजवळ घेऊन जा आणि हिशेब त्यांनाच करू द्या : किती माल, आज तो कुठे जातो, उचलायला खर्च किती. या हिशेबातून जे मूल म्हणेल, "आमच्या गावचं पाचट कोळशापेक्षा जमिनीतच बरं," त्याला हा पाठ तितकाच समजला, जितका "आमच्या पऱ्हाटीचा कोळसा करूया" म्हणणाऱ्याला समजला. दोघांनीही घातलेला पदार्थ काय काम करतो हे आधी विचारलं आणि मग मत दिलं. भेसळ आणि भर यांतला फरक ओळखायला इतकंच लागतं.